वडनेरच्या बाजारात मी जे बोललो

परत आल्यापासून कचेरीत जो तो विचारतो, "काय जोशी, जलसा कसा झाला?" मी म्हणतो, "छान झाला." मग चहा येतो आणि विषय मिटतो. पण ते उत्तर पुरतं खरं नाही. बुलढाणा जिल्ह्यात मी नऊ दिवस होतो. तिथं काय पाहिलं, काय खाल्लं, हे सांगायला मला आवडेल. मात्र ते सांगताना मी तिथं काय केलं हेही सांगावं लागेल.

मुंबई

दिवसा मी विमा कचेरीत कारकून आहे. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी चर्चगेटजवळच्या एका हॉटेलात तबला आणि बोंगो वाजवतो. आमचा ताफा तिघांचा. सॅक्सोफोनवर आल्व्हितो, धोबीतलावावर राहणारा गोवेकर. तालाला मी. आणि मधोमध बेहरूझ. हा शिराझकडचा इराणी. मामाच्या चहाच्या हॉटेलात गल्ल्यावर बसायला म्हणून मुंबईत आला आणि येताना आपलं संतूर घेऊन आला. संतूर म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेल्या बहात्तर तारा. दोन हलक्या काड्यांनी त्या वाजवायच्या. बेहरूझनं त्यांच्या जुन्या इराणी चाली आल्व्हितोच्या जॅझशी अशा काही जुळवल्या होत्या, की हॉटेलातली साहेबमंडळी काटे-चमचे खाली ठेवून ऐकत.

भाद्रपदात वऱ्हाडात पूर आला. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या वानखड्याचे काका वडनेर भोलजीच्या पुढं चार कोसांवरच्या एका गावी शाळामास्तर. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. नदी गावात शिरली. माणसं वाचली, पण मळ्यांतल्या विहिरी काठोकाठ गाळानं भरल्या. भाजीपाल्यावर जगणारं गाव. विहीर गेली म्हणजे सगळंच गेलं. ही हकिकत मी हॉटेलात सहज सांगितली, तेव्हा बेहरूझ एकदम उभा राहिला.

"हमारा भी ऐसा हुआ था," तो आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "मैं छोटा था. बाग गया, कुआँ मिट्टी से भर गया. दूसरा गाँव का लोग आया, सब मिट्टी निकाला. हम उनका नाम भी नहीं जानता. जोशीजान, हम उधर जाके बजाएगा."

मी गुरुजींना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं. सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. वडनेरच्या बाजाराच्या मैदानात कनाती लावून तिकिटानं कार्यक्रम करू, येणारं उत्पन्न विहिरींसाठी. शेवटी एक ओळ होती: "कार्यक्रम कोणत्या प्रकारचा आहे ते कृपया कळवावे, म्हणजे तशी जाहिरात छापता येईल."

त्या ओळीवर मी दोन दिवस काढले. इराणी जॅझ म्हटलं तर तिथं कुत्रंही फिरकणार नाही, अशी माझी खात्री. मला तर जायचं होतं. ताफ्याचा म्होरक्या म्हणून, हारतुरे घेत जायचं होतं. आल्व्हितोनं चारदोन सिनेमांच्या रेकॉर्डिंगला सॅक्सोफोन वाजवला होता, तेवढा धागा मी पकडला आणि लिहून टाकलं: "मुंबईच्या सिनेमांत वाजवणारे कलावंत येत आहेत. लोकांच्या आवडीची सिनेमातली गाणी होतील." बेहरूझला सांगितलं, "ते म्हणतात, फक्त तुझंच संगीत पाहिजे." त्याला आनंदानं दोन रात्री झोप लागली नाही. मी मात्र शांत झोपलो. खेड्यातली माणसं, त्यांना काय फरक कळणार, असं मला मनापासून वाटत होतं.

नांदुरा ते गाव

नांदुऱ्याच्या स्टेशनावर वानखडे गुरुजी दोन बैलगाड्या घेऊन उभे होते. पन्नाशीचे, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी, धोतराला चिखलाची किनार. माझ्या हातातली तबल्याची पिशवी त्यांनी ओढूनच घेतली. "प्रवासाचा तरास नाही ना झाला?" त्यांनी विचारलं, आणि बेहरूझकडे वळून शाळेत शिकवल्यासारखं सावकाश म्हणाले, "आप आये, बहुत मेहरबानी." बेहरूझनं छातीवर हात ठेवून मान लववली. मेहरबानी हा शब्द त्याच्याच मुलखाचा.

आमच्याकडे कोकणात चिखल लाल आणि पाऊस गेला की दोन दिवसांत निवळतो. इथला काळा. पाऊस जाऊन तीन आठवडे झाले तरी चाकं आसापर्यंत आत. वाटेत आमची गाडी रुतली. बेहरूझनं संतुराची पेटी डोक्यावर घेतली, पाटलोण गुडघ्यापर्यंत वळली आणि चिखलात उतरला. गाडीवान ओरडला, "ओ सायेब, काऊन उतरले? पडसान ना बे! लेक, हा तं आयकतच नाही!" मग स्वतःही उतरला आणि बेहरूझच्या कोपराला धरून त्याला पलीकडे नेऊन पोचवलं.

मी गाडीतच बसून होतो. आल्व्हितोच्या कानाशी त्या गाडीवानाची नक्कल करत होतो. "काऊन उतरले, पडसान ना बे." पुण्यात शिकत असताना वऱ्हाडच्या मुलांना आम्ही अशीच चिडवत असू. आल्व्हितो हसला नाही, त्याला मराठी कळत नव्हती. पुढच्या गाडीत गुरुजी पाठमोरे बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही हे मला आजही ठाऊक नाही.

त्यांच्या घराची मागची भिंत पडली होती. तिथं सतरंजी टांगलेली. कोरडी खोली एकच उरली होती, ती त्यांनी आम्हाला दिली. ते नवराबायको शाळेत निजायचे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. गेल्या गेल्या काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, गूळ आणि पाणी पुढं ठेवलं. आम्हा गिरगावकरांकडे पाहुण्याला बशीतून चहा मिळतो आणि वर "आज अचानक?" हा प्रश्न. इथं कुणी काही विचारलं नाही. मग कळण्याची भाकर आली. ज्वारीत उडीद घालून दळलेली, काळसर, खमंग. सोबत वांग्याचं भरीत आणि ठेचा. ठेच्यानं आल्व्हितोच्या डोळ्यांतून धारा लागल्या. काकू त्याला म्हणाल्या, "दही घ्या, दादा. इकडच्या मिरचीले पाहुना समजत नाही."

वांगी कुठून आणली, असं मी विचारलं. गावात तर एक मळा शिल्लक नव्हता. गुरुजी म्हणाले, "पिंपळगाव राजाहून आणली. माह्या भाचीच्या घरची." म्हणजे आमच्या जेवणासाठी कुणीतरी तेवढी वाट तुडवली होती.

मळ्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी आम्हाला विहिरी दाखवल्या. दाखवल्या म्हणजे काय, जागा दाखवल्या. जिथं विहीर होती तिथं आता भेगाळलेल्या गाळाचा एक चौकोन, आणि वर मोटेचं पाणी पडायच्या दगडी थारोळ्याचं टोक. गिरजाबाई नावाची चाळिशीची माळीण तिथं टोपलीनं गाळ उपसत होती. दीर आणि आणखी चौघं आत उभे. पंधरा दिवसांत ते दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतके, खोल गेले होते आणि आता खालून पाणी झिरपायला लागलं होतं. पाणी लागलं की उपसा थांबतो, कारण जेवढं काढावं तेवढं भरतं.

"शेटजीचं इंजिन भेटलं की झालं," गिरजाबाई म्हणाली. "गुरुजीच्या शब्दावर देतो म्हनले. वांग्याचं रोप तयार हाय, मिरचीचं हाय. म्हयन्याच्या आत पानी नाही भेटलं तं रोप जळते, अन् मंग वरीसभर काय खावं?"

वडनेरच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींकडे पाणी उपसायचं इंजिन होतं. गुरुजींनी ते मागून ठेवलं होतं. कार्यक्रमाला शेटजी आपले खामगावचे पाहुणे घेऊन येणार होते. त्यानंतर इंजिन गावात यायचं होतं.

बेहरूझ विहिरीच्या काठावर उकिडवा बसला. गाळाकडे बोट दाखवून, भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "चाह. चाह." गिरजाबाईनं हातातली टोपली टाकली, पदराला हात पुसले आणि लगबगीनं खोपीकडे गेली. थोड्या वेळानं पितळीत वाफाळता चहा घेऊन आली. फारसीत चाह म्हणजे विहीर! हे कळल्यावर विहिरीतली माणसंसुद्धा हसली. गिरजाबाई म्हणाली, "मंग आमची चाहा काढाले पंधरा दिस लागले म्हना की!"

मग त्यांची गंमतच सुरू झाली. जमीन, बाग, दीवार, दरवाजा, खराब. एक शब्द हा टाकायचा, एक ती. दर दुसरा शब्द दोघांचा निघायचा. वऱ्हाडीत उर्दू इतकी मुरलेली, की गिरजाबाई आणि शिराझचा हा माणूस माझ्यावाचून बोलत होते. दुभाषा म्हणून गेलेला मी बाजूला उभा राहून चहा प्यायलो. गुरुजी कौतुकानं पाहत होते. मध्येच मला म्हणाले, "जोशीसाहेब, आज गाणी कोणती हायत ती मले जरा लिहून देजा. लोकं विचारून राह्यले."

"देतो," मी म्हणालो.

दिली नाहीत.

वडनेर भोलजी

दुपारी तीनलाच मैदान भरू लागलं. कनातीच्या दाराशी जाहिरातीचा गुलाबी कागद चिकटवलेला: मुंबईच्या सिनेमांतील प्रसिद्ध कलावंत, आपल्या आवडीची सिनेमातली गाणी, पूरग्रस्तांच्या मदतीसाठी. खाली गुरुजींचं नाव. बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. मेहकरकडून एक कुटुंब दोन एसट्या बदलून आलेलं. पूर आलेल्या गावातली माणसंही आली होती. त्यांना गुरुजींनी तिकीट माफ केलं होतं, पण गिरजाबाईनं हट्टानं घेतलं होतं. पुढच्या खुर्च्यांवर शेटजी आणि त्यांचे पाहुणे.

बेहरूझनं तासभर तारा लावल्या. ओलाव्यानं त्या उतरत होत्या. लोकांनी तासभर तेही शांतपणे पाहिलं. त्यांना वाटलं, सिनेमाच्या गाण्याची तयारी अशीच असते.

चारच्या सुमाराला आम्ही सुरू केलं. पहिली रचना त्याच्या गावच्या पुराची. अगदी हलक्या थेंबांनी सुरुवात, मग सॅक्सोफोनचा लांब खर्ज, मग माझा ताल. सहा मात्रांचा, इराणी अंगाचा लंगडा ताल. दहा मिनिटं झाली. कुणीतरी खोकलं. पंधरा मिनिटं झाली. मागून आवाज आला, "गानं कवा व्हईन हो?" कुणी हसलं. वीस मिनिटांनी वाजवणं थांबलं तेव्हा टाळ्या गिरजाबाईच्या बाजूनं थोड्या आल्या, बाकी मैदान वाट पाहत होतं. बेहरूझनं काड्या पुसल्या आणि दुसरी रचना सुरू केली.

आता गलका झाला. "गानं म्हना!" "सिनेमाचं लावा!" "पैशे काय हे ठोकठोक आयकाले देल्ले काय?" शेटजी मागे वळून गुरुजींकडे पाहू लागले. बेहरूझ थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. "क्या बोलता?"

मी उठून मायक्रोफोनपाशी गेलो. मंचापासून तिथवर पाचच पावलं होती. त्या पाच पावलांत मी खरं सांगू शकलो असतो. "मंडळी, मी खोटं लिहिलं, पण हा माणूस मोठा आहे, ऐका," एवढंच वाक्य होतं. ते माझ्या तोंडात आलंही होतं.

मी म्हणालो, "मंडळी, आमचा काही दोष नाही. आम्ही तर इराणी संगीताचा कार्यक्रम कळवला होता. तुमच्या गुरुजींनीच जाहिरात भलती छापली. आता खेड्यातला छापखाना, खेड्यातले मास्तर, काय करणार!"

शेवटचं वाक्य मी हसवायला टाकलं होतं. पुढच्या खुर्च्या हसल्या. बेहरूझला वाटलं मी त्याची ओळख करून देतोय. तोही हसला आणि छातीवर हात ठेवून लोकांना लवला.

"काऊन गुरुजी?" मागून कुणीतरी ओरडलं. "तुमी बी फसवाले लागले काय?"

गुरुजी कनातीपाशी उभे होते. ते दोन पावलं पुढं आले. टोपी काढून त्यांनी हात जोडले. माझं पत्र त्यांच्याकडे होतं, हे मला ठाऊक होतं. जाहिरातीचा मजकूर त्यांनी त्यातूनच शब्दशः उतरवला होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही, त्यांच्या पायांकडे पाहत राहिलो.

"मंडळी, जाहिरातीवर नाव माह्यं हाय," ते म्हणाले. "चूक माही. ज्याले तिकिटाचे पैसे पाहिजेत त्यानं खुशाल न्यावे. पन हे पाहुने लय दुरून आले. ज्याले थांबायचं त्यानं शांत बसून आयकावं, एवढी विनंती."

शेटजी उठले. त्यांच्यामागं पाहुणे उठले, मग बरीच माणसं उठली. गिरजाबाई उभी राहून बायकांना म्हणाली, "बसा वं. मानूस आपल्यासाठी चिखल तुडवत आला. बसा." निम्मं मैदान रिकामं झालं, निम्मं राहिलं.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. राहिलेली माणसं खरंच ऐकू लागली. एका म्हाताऱ्यानं मध्येच हात वर करून "तेच पुन्हा" अशी खूण केली आणि बेहरूझनं आनंदानं ती जागा तीनदा वाजवली. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात उत्तम जलसा होता, असं तो नंतर म्हणाला. मला आठवतं ते एवढंच, की सहा मात्रांचा सोपा ताल माझ्या हातातून सारखा सुटत होता आणि दर वेळी बेहरूझ थांबून, माझ्याकडे प्रेमानं पाहून, मला पुन्हा समेवर घेत होता.

पुन्हा गावात

त्या संध्याकाळी काकूंनी जेवायला वाढलं. बेसनाच्या पातोडीचा रस्सा होता. माझ्या पानात त्यांनी इतरांइतकंच वाढलं, कमी नाही आणि जास्त नाही. "घ्या" एवढं म्हणाल्या. गुरुजी बेहरूझला संतुराच्या तारा कशाच्या असतात ते विचारत होते. मैदानातल्या गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे अशा वेळी निदान भांडी तरी आपटली गेली असती. भांडी आपटली असती तर मला घास गिळता आला असता.

सकाळी बातमी आली की शेटजींनी इंजिन नाकारलं. पाहुण्यांपुढं आपली फजिती झाली, मास्तरच्या शब्दावर आता काही द्यायचं नाही, असा निरोप होता. गुरुजींनी निरोप ऐकला आणि शाळेची घंटा द्यायला गेले.

गिरजाबाई मात्र थेट बेहरूझकडे आली. मी तिथंच होतो. तिनं कालची त्यांची भाषा काढली. "भाई, गुरुजी झूट नाही बोलत. तुमचा तबलजी म्हंते, गुरुजीनं सिनेमा झूट छापला. तुमी सिनेमा सांगतला का नाही?"

"सिनेमा?" बेहरूझनं विचारलं. "कौन सिनेमा बोला?" मग माझ्याकडे वळला. "जोशीजान, कल तुम माईक पे क्या बोला?"

मी सांगितलं. पत्रात काय लिहिलं तेही सांगितलं. माझं हिंदी चांगलं आहे, पण तेव्हा ते अडखळत होतं. बेहरूझनं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. मला वाटलं तो ओरडेल.

"मैं हँसा," तो म्हणाला. "तुम उसको गाली दिया, और मैं सलाम किया." मग एकच शब्द म्हणाला, आणि तो समजायला गिरजाबाईला किंवा मला दुभाषा लागला नाही. "शर्म."

तो तडक शाळेत गेला. मी मागोमाग गेलो. मुलांसमोर त्यानं गुरुजींचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. गुरुजी गोंधळून म्हणाले, "अरे अरे, हे काय?" मी म्हणालो, "गुरुजी, त्याला सगळं कळलंय. पत्र मी लिहिलं होतं."

"ते तं मले माहीत हाय," गुरुजी म्हणाले. आणि मुलांना पाढे म्हणायला सांगून आम्हाला बाहेर घेऊन आले.

बाहेर लिंबाखाली मी विचारलं, "तुम्ही काल पत्र का नाही दाखवलंत? खिशात नव्हतं का?"

"खिशातच होतं."

"मग?"

"तुमी पाहुने. चारशे लोकांत पाहुन्याले खोटं पाडावं का? घरी आलो अन् ते चुलीत टाकलं. राह्यलं असतं तं कधी ना कधी दाखवाचा मोह झाला असता."

मी "माफ करा" म्हणालो. ते म्हणाले, "बरं." आणि पाढे चुकत होते म्हणून आत गेले.

दुपारी बेहरूझ आणि आल्व्हितो नांदुऱ्याला निघाले, हॉटेलातली नोकरी होती. मी माझी पिशवी गाडीत ठेवली. बेहरूझनं ती उचलून माझ्या हातात दिली. रागानं नाही. म्हणाला, "तुम रुको. उधर ताल के बिना चलेगा. इधर हाथ कम है."

कचेरीला तार करून मी रजा वाढवली.

विहिरीत

चार दिवस मी गिरजाबाईच्या विहिरीत गाळ उपसला. पहिल्याच सकाळी आत उतरल्यावर सगळ्यांना सांगितलं, की जाहिरात माझ्या पत्रावरून छापली, खोटं मी बोललो, गुरुजींचा काही संबंध नाही. दहाएक माणसं होती. त्यांनी ऐकलं. गिरजाबाईच्या दिरानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "बरं. टोपलं धरा."

मी धरलं. तबलजीचे हात, तिसऱ्या तासाला सोलले. गिरजाबाईनं हळद-तेल दिलं. दुपारी प्रत्येक घरून भाकर यायची आणि जो तो माझ्यासमोर आपली भाकर मोडायचा. "घ्या ना, काऊन लाजून राह्यले?" काढता येईल तेवढा गाळ आम्ही काढत होतो, पण पाणी चढत होतं. इंजिनाशिवाय ते हटणार नव्हतं. खोपीच्या सावलीत वांग्याची रोपं पिवळी पडायला लागली होती.

चौथ्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, काकू अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी म्हणालो, "काकू, मी सगळ्यांना खरं सांगितलंय हं, विहिरीवर." का सांगितलं कोण जाणे. शाबासकी हवी असेल.

त्यांनी सूप थांबवलं नाही. "विहिरीत दहा जनायले सांगतलं तुमी," त्या म्हणाल्या. "तथी तं सारं मैदान होतं." सुपातले खडे त्यांनी वेचून बाजूला टाकले. "आता पोरं गुरुजीले सिनेमावाले मास्तर म्हनून राह्यले. त्यायले काही वाटत नाही. मले वाटते."

जलशानंतरच्या पाच दिवसांत त्या माझ्याशी इतकं पहिल्यांदाच बोलल्या.

बाजाराचा दिवस

दुसऱ्या दिवशी वडनेरचा बाजार होता. मी पहाटे चालत निघालो. वडनेरच्या दवंडीवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, "तुमची हलगी मला द्या, दवंडी मीच देणार." तो म्हणाला, "हलगी मी वाजवतो. तुमी बोला. मानसं हलगीनं थांबतात, अन् तुमचा हात तं पाहा." माझ्या हातावर चिंध्या बांधलेल्या होत्या.

आम्ही त्याच मैदानात गेलो. कनाती नव्हत्या. त्या जागी आता कांद्याचे ढीग, बांगड्यांची दुकानं, बैलांच्या घंटा. तो हलगी वाजवायचा आणि मी ओरडायचो: "ऐका! सिनेमाच्या गाण्यांची जाहिरात वानखडे गुरुजींनी खोटी छापली नाही! मुंबईच्या तबलजीनं खोटं लिहून पाठवलं, आणि इथं मायक्रोफोनवर गुरुजींच्या नावावर घातलं! तो तबलजी मीच!"

पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. हलगीवाला म्हणाला, "आयकू नाही आलं. पुन्हा." दुसऱ्यांदा आला. कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहून आम्ही मैदानाला फेरी घातली. पोरं मागून येऊ लागली, काही हसत होती. माझ्या कानापर्यंत रक्त चढलं होतं. शेटजींच्या दुकानापुढं मी दोनदा सांगितलं. शेटजी गादीवर बसून पान लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण दिवाणजीला काहीतरी बोलले. दिवाणजी खाली उतरून म्हणाला, "बैलजोडी घेऊन या म्हणाव गुरुजीले. इंजिन जड हाय." आणि जाता जाता माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गुरुजीसाठी हाय. तुमच्यासाठी नोय."

शेवटी मी मिरचीच्या ओळीत पोचलो. पोत्यांमागं एक म्हातारी बसली होती. जलशाला ती होती, निम्मी माणसं उठली तेव्हा ती बसून राहिली होती, मला तिचं तोंड आठवत होतं. तिच्यापुढंही मी सगळं म्हणालो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिनं मिरच्यांतली एक सडकी वेचून फेकली.

"हाव, माहीत हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं? विहिरीवरच्यांनी?"

"सांगाले कायले पाहिजे? गुरुजी तीस वर्षं झाली इथी. त्यायनं कवा खोटं लिहिलं?" शेजारच्या बाईकडे तिनं पाहिलं आणि तीही मान हलवत होती. "चिडून उठले ते उठले. घरी जाऊन साऱ्यायले समजलं, कोन खोटं बोललं ते. तुमी कवा सांगता, तेच पाहून राह्यलो होतो."

मी तिथंच पोत्याला टेकून बसलो. मागचे पाच दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेले. ज्या घरातून भाकर आली ते घर, हळद-तेल देणारा हात, माझं टोपलं वरून ओढून घेणारा दीर, वाटेत "रामराम, तबलजी" म्हणणारी माणसं. त्या सगळ्यांना ठाऊक होतं. विहिरीत उतरल्यावर मी जे मोठ्या धीरानं सांगितलं, ते त्यांना आधीच ठाऊक होतं. ठाऊक असूनही ते मला जेवायला घालत होते, आणि रोज वाट पाहत होते.

म्हातारीनं माझ्या चिंध्या बांधलेल्या हातात मूठभर लाल मिरच्या कोंबल्या. "न्या घरी," ती म्हणाली. "अन् आता तोंड धुवा. भाकर खायची असन."